नऊ हाका

परवा मेहकरहून डोणगावकडे जाताना रस्त्याकडेच्या बाभळींवर कापूस दिसला. वेचणी सुरू झाली की भरलेल्या गाड्या या रस्त्यानं जातात, आणि बाभळी प्रत्येक गाडीतून चिमूटभर काढून घेतात. पूर्वी बैलगाड्या होत्या, आता ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आहेत. बाभळींना त्याचं काही नाही. सोयाबीननं बरीच वावरं बळकावल्यापासून काट्यांवरचा कापूस विरळ झालाय, पण तेवढा पाहूनही मी भाच्याला गाडी थांबवायला लावली. "काऊन आत्या, काय झालं?" तो म्हणाला. काही झालं नव्हतं. मी उतरले, एका काट्यावरचा पुंजका काढला आणि बोटांत चुरला. आत सरकी होती. मग येऊन गाडीत बसले.

म्हातारपणी माणसाला कशानं बरं वाटेल याचा नेम नसतो. माझ्या वयाच्या बायका नातवंडं पाहून सुखावतात, मी कापूस पाहून सुखावते. सुखावते म्हणण्यापेक्षा सुटल्यासारखं वाटतं. एका वर्षी कापसाच्या दिवसांत माझ्या हातून एक मोठी चूक झाली होती, आणि होळीच्या आत ती निस्तरता आली. निस्तरता आली नसती, तर या रस्त्यानं जाताना मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून पाहिलं असतं.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-चार वर्षं झाली होती. मी मेहकरच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. एकटीच खोली घेऊन राहत असल्यामुळे गावाला माझी फार काळजी वाटायची, आणि ती दूर व्हावी म्हणून मी चष्मा लावून फिरायचे. जन्म जानेफळचा, कॉलेज नागपूरचं. नागपूरच्या वसतिगृहात माझ्या खोलीत पुण्याची एक मुलगी होती. पहिल्याच दिवशी मी तिला म्हणाले, "मले आंघोळीले पाणी पाह्यजे," आणि ती इतकी हसली की तिच्या हातातला तांब्या खाली पडला. वाईट नव्हती ती. पण त्या दिवसापासून मी 'मले' गिळायला शिकले. पुण्याची मराठी काही केल्या जिभेवर बसेना, म्हणून मी इंग्रजीकडे पळाले. इंग्रजीत जानेफळ कुणाला ऐकू येत नाही. लोकांना वाटायचं, पोरगी हुशार आहे. पोरगी लपून बसली होती.

अशा वेळी नागपूरच्या माझ्या प्राध्यापकांचं पत्र आलं. दिल्लीचे एक संपादक निरनिराळ्या भागांतल्या कथा इंग्रजी वाचकांसाठी गोळा करत होते, आणि वऱ्हाडातलं कुणीतरी हवं होतं. लेखक कोण घ्यायचा हा प्रश्नच नव्हता. डोणगावला उकंडराव गुरुजी होते. प्राथमिक शाळेत शिकवायचे आणि गोष्टी लिहायचे. अकोल्याला छापलेलं त्यांचं एक पातळसं पुस्तक माझ्या पेटीत तळाशी होतं. ते मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा पानावर छापलेलं 'मले' पाहून मला आधी लाज वाटली होती. छापखान्यात कुणी कसं चालू दिलं, असं मनात आलं. मग पुढं वाचत गेले, आणि शेवटच्या पानापर्यंत आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडल्यासारखं वाटत राहिलं.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी मी एसटीनं डोणगावला गेले. गुरुजींचं घर दोन खणांचं. ओसरीत बाज, बाजेखाली वह्यांचे गठ्ठे, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि दारात एक बकरी जी वह्यांकडे लक्ष ठेवून होती. गुरुजी बुटके, सावळे, सावकाश बोलणारे. मी दिल्लीचं सगळं सांगितलं. परदेशातले लोकसुद्धा वाचतील, असंही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि बकरीला हाकललं.

"करा बाई," ते म्हणाले. "मले इंग्रजी येत नाही. तुमी कराल तेच खरं. पण माही एक अट हाये."

मला वाटलं, नाव मोठ्या अक्षरात छापा म्हणतील.

"गोष्ट तिकळे धाडायच्या आंधी वावरात वाचून दाखवा लागीन. ज्यायची गोष्ट हाये, त्यायच्यापुढं. म्या परतेक गोष्ट तशीच वाचली. त्यायनं हाव म्हटलं, मंगच छापाले देल्ली."

"पण गुरुजी, मी वाचणार ते इंग्रजीत."

"हाव."

"त्यांना काय कळणार त्यातलं?"

"थे त्यायचं थे पाहतीन," गुरुजी म्हणाले.

मग त्यांनी सीतादहीचं सांगितलं. आमच्याकडे पहिली वेचणी लागायच्या आधी घरची बाई वावरात दहीभात नेते, पऱ्हाटीपुढं, म्हणजे कापसाच्या झाडांपुढं, ठेवते, चार दिशांना शिंपडते, आणि मगच कुणी बोंडाला हात लावतं. गुरुजींच्या आईनं उभी हयात दुसऱ्यांच्या वावरात मजुरी केली आणि दरसाल ते पाहिलं. "आमी बौद्ध झालो, पूजा सोडली," गुरुजी म्हणाले. "पण माय सांगे, जिथून घ्या लागते तिथं पयले देऊन या. थे काही म्या सोडलं नाही." मी मान डोलावली. मनात म्हटलं, लेखक मंडळी अशी थोडी विक्षिप्त असायचीच.

कार्तिकातले ते दिवस अजून माझ्या नाकात आहेत. शाळेच्या मागंच पऱ्हाटीचं वावर होतं. सकाळी दव असेपर्यंत वेचायचं नाही, ऊन चढलं की बायका उतरायच्या. मी पोरींना व्याकरण शिकवताना खिडकीतून त्यांच्या पाठी दिसायच्या. दुपारनंतर हवेत कापसाचे तंतू तरंगायचे. ते खडूच्या भुकटीत मिसळायचे, पोरी शिंकायच्या, मी ओरडायचे, आणि मीच शिंकायचे. संध्याकाळी खोलीवर येऊन मी कंदील पुसायचे, चहा ठेवायचे आणि गुरुजींचं पुस्तक उघडायचे.

भाषांतर करताना पहिल्यांदा कळलं की मी इंग्रजीत किती गरीब आहे. भाकरीसाठी तिथं ब्रेड होता. ब्रेड म्हटलं की डोळ्यांपुढं नागपूरच्या कॅन्टीनमधला पांढरा तुकडा येई, आणि गुरुजींची माणसं तर ज्वारीची भाकर अंबाडीच्या भाजीशी खात होती. 'काऊन व बाई' यातला, बायकांनी एकमेकींना लावायचा 'व' कुठं ठेवायचा? तो काढला तर दोन बायका परक्या होतात. धुरा, ओटी, पात. वावराच्या बांधाला आम्ही धुरा म्हणतो. वेचलेला कापूस ठेवायला कमरेला बांधतात ती ओटी. आणि वेचायला प्रत्येकीच्या वाट्याला येणाऱ्या ओळी म्हणजे तिची पात. हे सगळं मी इंग्रजीत समजावून लिहिलं की गोष्टीचा भूगोलाचा धडा व्हायचा. खोडायचे, पुन्हा लिहायचे. एकदा तर मी एकटीच खोलीत उठून उभी राहिले आणि कमरेला टॉवेल बांधून वाकून पाहिलं, की बाई वाकते कशी आणि इंग्रजीत वाकेल कशी. घरमालकीण दारातून पाहून गेली. त्यानंतर तिच्या काळजीत भरच पडली.

पुस्तकातल्या सात गोष्टींपैकी सातवी होती 'रिकामी पात'. अगदी छोटी. एक आई आणि तिची पोरगी सुंदरा कायम शेजारी-शेजारी पात धरत. पोरगी तापानं जाते. पुढच्या वर्षी वेचणीला आई येते, आपल्या पातीच्या डोक्याशी उभी राहते आणि शेजारच्या रिकाम्या ओळीकडे पाहून हाक मारते, 'सुंदरे, पात धर व.' बाकीच्या बायका ती हाक होईपर्यंत थांबतात, मग वाकतात. ती रिकामी पात दोन्हीकडच्या बायका आपल्या पातीबरोबर वेचत जातात आणि तो कापूस आईच्या ओटीत घालतात. दिवस मावळेपर्यंत नऊ पाती होतात. नऊदा तीच हाक. गुरुजींनी ती नऊदा लिहिली होती, वेगळ्या ओळीवर, एका अक्षराचा फरक न करता. बस, एवढीच गोष्ट.

आता माझी चूक सांगते. ती मास्तरकीची चूक आहे, दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. रोज साठ-साठ वह्या तपासणारं माणूस लाल शाईशिवाय कागदाकडे पाहू शकत नाही. पोरींच्या निबंधात एकच वाक्य दोनदा आलं की मी त्याखाली रेघ ओढून 'पुनरुक्ती' लिहायचे. कॉलेजात माझ्या निबंधांवर तसंच लिहिलं जायचं. त्यात दिल्लीच्या संपादकांनी पत्रात सहज लिहिलं होतं की अनोळखी नावांनी आमचे वाचक थोडे अडखळतात. झालं. मी गुरुजींची गोष्ट आठवी-ब मधल्या पोरीची वही समजून तपासली. पहिली हाक ठेवली. उरलेल्या आठ हाकांच्या जागी एक वाक्य टाकलं, ती पुन्हा पुन्हा हाक मारत राहिली. आणि पहिल्या हाकेतही सुंदरा काढून 'माय गर्ल' केलं. ते जिभेवर छान घोळत होतं. मी मोठ्यानं वाचलं आणि स्वतःवर खूश झाले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आमची आजी म्हणायची.

कोर्टाजवळच्या टायपिस्टाकडून सगळं टाइप करून घेतलं. तो जन्मभर अर्ज आणि जबान्या टाइप करणारा माणूस. सातवी गोष्ट टाइप करून झाल्यावर त्यानं मला विचारलं, "बाई, यातल्या मयत पोरीचं नाव राह्यलं. चालीन?" मी म्हटलं, ही गोष्ट आहे, जबानी नाही. तो म्हणाला, "मंग ठीक." त्याला कळलं होतं ते मला कळायला अजून आठ दिवस लागायचे होते.

आणि मी पार्सल टाकून दिलं. वावरातलं वाचन न करताच. संपादकांनी दिलेली मुदत जवळ आली होती, शाळेत सहामाहीचे पेपर होते, अशी कारणं मी स्वतःला दिली. खरं सांगायचं तर मला ते वाचन हास्यास्पद वाटत होतं. बाभळीखाली बसून शेतमजूर बायकांपुढं इंग्रजी वाचायचं, आणि त्यांनी माना हलवायच्या. मात्र गुरुजींचं कार्ड आलं, 'येत्या रविवारी या, बायांना सांगितलं आहे,' तेव्हा पार्सल गेलं असं लिहायची हिंमत झाली नाही. मी लिहिलं, 'येते.' म्हटलं, वाचून टाकू, त्यांना काय फरक पडतो.

गुरुजी मला घेऊन वावरात गेले तेव्हा बायकांची एक पात संपत आली होती. ऊन पाठीवर बरं वाटत होतं. पऱ्हाटीच्या वाळक्या पानांचा बारीक आवाज, बोंडातून कापूस निघताना होणारा त्याहून बारीक आवाज, आणि कुठंतरी दूर एक होला घुमत होता. बायका पात संपवून वळल्या, नव्या पातीच्या डोक्याशी आल्या, आणि थांबल्या. बोलत होत्या त्या गप्प झाल्या. ओळीतली एक उंच, वाळकी बाई शेजारच्या मोकळ्या ओळीकडे पाहून म्हणाली,

"सुंदरे, पात धर व."

अगदी साध्या आवाजात. भाजी आण, दार लाव म्हणावं तसं. मग सगळ्या वाकल्या.

मला वाटत होतं ही गुरुजींची कल्पना आहे. कथेतली युक्ती. मी गुरुजींकडे पाहिलं. ते म्हणाले, "थे सखूमाय. गोष्ट थिचीच. म्या फक्त लिवली." आणि थोडं थांबून, "पोरगी शाळंत गेली नाही. फोटो नाही. गावात तिचं नाव कोठीच लिहेल नाही बाई. म्या गोष्ट मांगतली तवा सखूमायनं एकच सांगतलं, नाव तेवढं गाळजा नोका."

मी त्याच क्षणी खरं सांगायला हवं होतं. पण चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, आता बोलले तर सगळ्यांपुढं उघडी पडेन, न बोलले तर निभावेल. इंग्रजी आपल्या बाजूला आहे. आजवर तिनंच मला लपवलं होतं.

दुपारच्या भाकरीला बायका धुऱ्यावरच्या निंबाखाली बसल्या. सात-आठ जणी होत्या. कुणी ठेचा पुढं केला, कुणी कांदा फोडून दिला. माझ्याही हातावर भाकर ठेवली. गुरुजी म्हणाले, "वाचा बाई." मी वाचायला लागले. दोघी-तिघी तोंडाला पदर लावून हसल्या. एक म्हणाली, "टिटवीवानी वाजते व." सखूमायनं हातानं त्यांना गप्प केलं आणि डोळे मिटले. ती झोपली नव्हती, तिचा चेहरा कामात असलेल्या माणसाचा होता. एरवी वर्गात माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा, त्या दिवशी तो निंबाच्या सावलीबाहेर जाईना. चार मिनिटांत गोष्ट संपली. मी कागद खाली ठेवला.

सखूमायनं डोळे उघडले. "झाली?"

"झाली."

"बाई, माही सुंदरा कोठी आली?"

"आहे ना माय," मी म्हटलं. "इंग्रजीत आहे. 'माय गर्ल' म्हणजे माझी पोरगी."

"पोरी तं बम हायेत, गावभर हायेत," ती म्हणाली. "माही सुंदरा कोठी आली? इंग्रजीत नाव बदलते काय?"

गुरुजी जमिनीकडे पाहत होते. नाव कुठल्याच भाषेत बदलत नाही, हे इंग्रजी विषयात पहिल्या वर्गात आलेल्या बाईला एका अडाणी बाईनं शिकवावं लागलं. मी रडले. ते रडणं पश्चात्तापाचं होतं असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण त्यात निम्मी सुटका होती. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला लपलेल्या जागेवरून हाताला धरून बाहेर ओढलं होतं. मी सगळं सांगितलं. नाव काढलं, आठ हाका काढल्या, आणि कागद न विचारता धाडूनही दिले. सांगताना मी शुद्ध मराठी बोलत नव्हते. "म्या गाळलं माय, मलेच शहाणपण सुचलं," असं काहीतरी तोंडून निघालं. नागपूरनंतर पहिल्यांदा.

सखूमाय रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं भाकरीचं फडकं झटकलं, घडी घातली. "कागद पोचला अशीन आता?"

"पोचला असेल."

"मंग दुसरा धाडा. सुंदराले त्याच्या मांगून लावून द्या." मग शेजारणीकडे वळून म्हणाली, "तशी बी थे मांगंच राये. कोण्या दिवशी तिची पात आमच्याबरुबर झाली?" आणि ती हसली. त्या सगळ्याच हसल्या. मी मात्र त्यांच्याकडे पाहत राहिले.

परत येताना गुरुजी एसटीच्या थांब्यापर्यंत सोबत आले. गाडी दिसली तेव्हा म्हणाले, "बाई, गोष्ट छापली नाही तरी चालीन. पण बिनानावाची छापू नका." त्यांच्याकडून एवढं ऐकणं मला पुरेसं होतं.

सोमवारी शाळेआधी मी टायपिस्टाकडे गेले. नऊ हाका, प्रत्येक वेगळ्या ओळीवर, प्रत्येकीत सुंदरा. त्यानं काही विचारलं नाही. फक्त सवयीप्रमाणे मयताच्या नावाखाली रेघ ओढली, नऊच्या नऊ ठिकाणी, आणि मग ती पानं पुन्हा टाइप करावी लागली. संपादकांना मी पत्र लिहिलं. चूक माझी आहे, लेखकाची नाही, ही पानं घ्या. घेता येत नसतील तर ही गोष्ट वगळा. माझं पहिलं छापील काम होतं ते, आणि मी ते कमी करा म्हणून लिहीत होते. तरी टपालपेटीत टाकलं.

मग वाट पाहणं. पौष गेला. दुसरी वेचणी झाली. शाळेच्या खिडकीतून दिसणारं वावर पांढऱ्याचं तपकिरी होत गेलं. गुरुजींच्या घरून एकदा ओल्या हरभऱ्याची जुडी आली, सोबत चिठ्ठी नव्हती. पोस्टमन गल्लीत शिरला की मी वर्ग सोडून व्हरांड्यात यायचे, आणि पोरींनी माझ्या लग्नाचं जमतंय अशी बातमी गावभर केली. घरमालकीण एकदम प्रेमानं वागायला लागली. मी कुणाचं म्हणणं खोडून काढलं नाही. एका अर्थी माझं काहीतरी जमायचं होतंच.

रात्री मी गुरुजींचं पुस्तक पुन्हा वाचायला घेतलं, या वेळी हातात पेन न घेता. तेव्हा दिसलं की नऊ हाका सारख्या नाहीत. शब्द तेच, पण पहिल्या हाकेला वाचणारा दचकतो, तिसरीला त्याला दया येते, पाचवीला तो थोडा वैतागतो, सातवीला तोही बायकांबरोबर थांबतो, आणि नवव्या हाकेच्या आधी तो स्वतःच मनात म्हणतो, सुंदरे, पात धर. गुरुजी वाचणाऱ्याला हाक मारायला शिकवत होते. पुनरुक्ती म्हणून मी तेच खोडून टाकलं होतं.

शिवरात्रीच्या पुढंमागं दिल्लीचं पत्र आलं. जाड लिफाफा होता. वर दोन ओळींची चिठ्ठी: पानं आधीच जुळवून झाली होती, त्यामुळे तुमचं पत्र वाचून वैताग आला. मग तो मजकूर मोठ्यानं वाचून पाहिला. नऊच राहतील. आत त्या गोष्टीची छापील तपासणीची पानं होती, लांब, शाईचा वास येणारी. मी व्हरांड्यातच उभ्यानं मोजलं. नऊ होत्या. जीव भांड्यात पडणे हा वाक्प्रचार मी पोरींना किती वेळा वाक्यात उपयोग करून दाखवायला सांगितला होता. तो काय असतो ते तेव्हा समजलं. पोरी खिडकीतून पाहत होत्या. एकीनं विचारलं, "बाई, ठरलं काय?" मी म्हटलं, "हो, ठरलं."

रविवारी डोणगाव. वावरात फरतड चालली होती, शेवटची वेचणी, झाडाला चुकूनमाकून राहिलेली बोंडं. ऊन आता टोचत होतं. त्याच निंबाखाली बसलो. या वेळी मी कागद वाचायला घेतला आणि पहिली हाक आली तेव्हा इंग्रजी वाक्याच्या मध्यात 'सुंदरा' असं स्वच्छ वऱ्हाडी नाव उभं राहिलं. सगळ्या बायकांनी माना हलवल्या. दुसऱ्या हाकेला पुन्हा. टिटवी कुणाला आठवली नाही. पाचव्या-सहाव्या हाकेपासून त्या माझ्या आधीच ओठ हलवायला लागल्या. नववी हाक आम्ही सगळ्यांनी मिळून मारली. गुरुजींनी तोंड दुसरीकडे केलं होतं.

सखूमायनं कागद मागितला. "कोण्तं हाय तिचं?" मी दाखवलं. तिचं बोट कापसाच्या बोंडांनी चिरलेलं, त्या चिरांत माती बसलेली. ते त्या अक्षरांवर आलं आणि खाली सगळं नाव झाकून गेलं. बोट उचलून तिनं पुन्हा पाहिलं.

"तिकळचे लोक वाचतीन, तवा थे हे नाव तोंडानं घेतीन ना?"

"घेतील. त्यांना नीट म्हणता येणार नाही माय. वाकडंतिकडं म्हणतील."

"म्हणू द्या. तिचा बाप बी 'सुंद्री'च म्हने." तिनं कागद मला परत दिला. "इतके लोक तिले हाका मारतीन. मंग मी जराशी दम घेईन आता."

भाकरी आटोपल्या. बायका उठल्या, ओट्या आवळल्या, नव्या पातीच्या डोक्याशी जाऊन उभ्या राहिल्या. आणि सवयीनं थांबल्या. सखूमाय काही बोलली नाही. रिकाम्या ओळीकडे तिनं पाहिलं, बायकांकडे पाहिलं.

"काऊन थांबल्या व?" ती म्हणाली. "चाला."

तरी कुणी वाकेना. त्या मोकळ्या ओळीपाशी कागद छातीशी धरून मी उभी होते. सखूमायनं आपल्या कमरेची जादा फडकी सोडली आणि माझ्याकडे टाकली.

"बाई, पात धरा."

मी कागद गुरुजींकडे दिला, फडकी बांधली आणि वाकले. बोंडांची टोकं बोटांना लागत होती. मला वेचता येत नव्हतं, निम्मा कापूस पाचोळ्यासकट निघत होता. थोड्याच वेळात सगळ्या पुढं गेल्या आणि मी एकटी मागं राहिले.